दोरीवरचा पंचा

यागामी, ६ नोव्हेंबर

मित्रवर्य मिसावा शुकिची यास,

यागामीहून कुवाबारा एईसाकुचा कमरेत वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो, पण डॉक्टरांनी मला पंधरा अंशांवर अडवलं आहे. उरलेले अंश मनाने धर.) इकडे डोंगर लाल झाले, पहाटे श्वासाची वाफ दिसते. म्हणजे शिनशूत तुझी सफरचंदांची तोडणी संपत आली असेल. तुझे गुडघे कसे आहेत? किनुए वहिनींचा खोकला? आम्ही उभयता बरे आहोत. टोमिएची तब्येत माझ्याहून बरी आहे; हे तिच्या आवाजावरून आमच्या आळीतही सगळ्यांना ठाऊक आहे.

पत्रास कारण की, मी मोठ्या गोंधळात पडलो आहे. नववर्षाच्या कार्डाशिवाय शेहेचाळीस वर्षांत आपण एकमेकांना दोन ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा एवढं जाड पाकीट पाहून मी गेलो की काय असं तुला वाटेल. गेलो नाही. पण येत्या शनिवारी जो कुवाबारा व्यासपीठावर उभा राहणार आहे तो कोण, हे मलाच कळेनासं झालं आहे.

आपल्या होशिकावा मोटार कंपनीला सत्तर वर्षं झाली. त्यानिमित्त कंपनी आपला इतिहास छापते आहे. हा चौथा. पहिल्या इतिहासात असं होतं की, संस्थापकांनी बनवलेली पहिली तीनचाकी देवळाच्या चढावरून उलटी घरंगळली आणि मुळ्याच्या वाफ्यात जाऊन थांबली. दुसऱ्यात त्याच घटनेला ‘उतारावरील चाचणी’ म्हटलं. तिसऱ्यात ‘मागे जाण्याच्या क्षमतेचा पहिला प्रयोग’. चौथ्यात मुळे गाळले आहेत. (ज्याचे मुळे गेले त्या शेतकऱ्याचा नातू आज आपल्या विक्री विभागात आहे, त्याने फार विनवण्या केल्या, पण मुळे राहिले नाहीत.) पण बाकी सगळं बदललं तरी एक पान चारही इतिहासांत होतं तसंच आहे, आणि ते पान माझं आहे.

तुला काय सांगायचं, तू समोरच उभा होतास. तरी लिहितो, कारण आजकाल सगळे मलाच माझी गोष्ट सांगतात आणि ती मला ओळखू येत नाही. कारखान्यात गाड्या जोडायच्या सरकत्या पट्ट्याच्या वर ती पांढरी दोरी बांधून चौदा महिने झाले होते. काही चुकलेलं दिसलं तर कोणीही दोरी ओढावी, पट्टा थांबेल, मुकादम येऊन आभार मानेल, असं पत्रकच निघालं होतं. चौदा महिन्यांत एकानेही ओढली नाही. अख्ख्या कारखान्याला थांबवायचं आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर घ्यायच्या, त्यापेक्षा माणूस चुकीचा बोल्ट गिळून टाकील. आणि मग मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला, चोवीस वर्षांच्या कुवाबाराने दोरी ओढली, पट्टा थांबला, डाव्या चाकामागच्या ब्रेकच्या नळीकडे बोट दाखवलं आणि तिथला बोल्ट हाताने फिरत होता! अंगणातल्या चारशे बारा गाड्या तपासल्या. अकरा गाड्यांत तोच बोल्ट ढिला. एकही गाडी दाराबाहेर गेली नव्हती. तेव्हापासून लोक म्हणतात, होशिकावाची गाडी म्हातारी होते पण आजारी पडत नाही. सासरे जावयाला तीच गाडी घ्यायला सांगतात. या सगळ्या अब्रूच्या मुळाशी कोण, तर कुवाबारा, ज्याच्या बोटांना डोळे आहेत.

मिसावा, माझ्या बोटांना डोळे नाहीत. मी पंचा वाळत घालत होतो.

घामाने भिजलेला पंचा, ठेवायला खुंटी नाही, डोक्यावर छान ताणलेली दोरी. घातला. ओला पंचा जड असतो हे मला तेव्हा कळलं. पट्टा थांबल्याची धून वाजायला लागली, लाल दिवा लागला, आणि गोंदो मुकादम धावत आला. पंचा मी तोवर सदऱ्यात कोंबला होता. पत्रकात लिहिलंय म्हणून त्याने टोपी काढली आणि दात आवळून “आभारी आहे” म्हणाला. (असे आभार मी पुन्हा कोणाकडून घेतले नाहीत.) मग म्हणाला, “बोल, काय दिसलं?” मला काहीही दिसलं नव्हतं. मला गोंदो दिसत होता. मी घाबरून बोट पुढे केलं, ते जिथे पडलं तिथे तो बोल्ट होता.

आणि ती जागा तुझी होती. गोंदोने विचारलं, “इथे कोण?” आणि तू हात वर केलास. तुझी बदली कोठारात झाली, मला बक्षिसाचं घड्याळ मिळालं. पुढच्या वसंतात तू वडिलांच्या बागेचं कारण सांगून गेलास. मी स्टेशनवर पोचवायलासुद्धा आलो नाही. मला वाटलं, तू माझं तोंड बघणार नाहीस. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, आत्ता सांगतो आहे. लाज वाटते.

आता गोंधळाकडे येतो. इतिहास लिहिणारी ओनोदेरा नावाची मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. गेल्या महिन्यात घरी आली, रीत म्हणून तीनदा बसायची उशी नाकारून चौथ्यांदा तिच्या कडेला बसली. मी ठरवलं, सत्तर वर्षं कंपनीची झाली, सत्तर माझीही झाली, आता खरं सांगून मोकळं व्हावं. तीही आपल्याच कंपनीची, त्यामुळे चुकीच्या मुळाशी जायच्या आपल्या रीतीप्रमाणे तिने पाच वेळा ‘का’ विचारलं. दोरी का ओढली गेली? ओला पंचा घातला म्हणून. दोरीवर का घातला? खुंटी नव्हती म्हणून. खुंटी का नव्हती? मोडली होती. मोडल्याचं कळवलं का नाही? कळवायचं तर दोरी ओढावी लागली असती. मग ओढली का नाही? गोंदो होता म्हणून. मुलीने सगळं लिहून घेतलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि जमिनीला कपाळ टेकून म्हणाली, “कुवाबारासान, इतका विनम्र माणूस मी पाहिला नाही.”

मी म्हटलं, बाई, ही विनम्रता नाही, हा पंचा आहे. तर तेही तिने लिहून घेतलं.

मग मी थेट संचालक हाताकेयामांकडे गेलो. ते आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण खुर्चीमुळे मोठे. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि सचिवाला आत बोलावून म्हणाले, “बघ, ऐक. हीच आपली होशिकावाची माणसं. मोठं काम करतात आणि श्रेय पंच्याला देतात.” सचिवही सद्गदित झाला. मी जितका ओरडून नाही म्हणालो तितका मी त्यांना थोर वाटत गेलो. शेवटी मी इतका थोर झालो की त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत वाकून राहिले. आता कंपनीने तीन हजार पंचे छापायला टाकलेत, निळ्या काठाचे. शनिवारी पाहुण्यांना वाटणार आहेत. ती दोरी काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि खाली लिहिलंय, ‘कुवाबारासान आजही हसून म्हणतात, मी फक्त पंचा घातला होता.’ मी हसून म्हणालेलो नाही रे! मी रडकुंडीला येऊन म्हणालो होतो.

विश्वास ठेवला तो एकट्या टोमिएने. ती म्हणाली, “मला लग्न झाल्या दिवसापासून कोडं होतं. समोर उकळून उतू जाणारं मिसो सूप या माणसाला दिसत नाही, तर गाडीच्या पोटातला बोल्ट कसा दिसला?” मग तिला आठवलं की आमचं स्थळ जमवणाऱ्या बाईंनी त्या बोल्टाचीच गोष्ट सांगून तिच्या वडिलांना पटवलं होतं. तेव्हापासून ती मला ‘अहो पंचेवाले’ म्हणते. शेजारच्या सुगिउरा बाईंना वाटतं, मी निवृत्तीनंतर धंदा काढला.

आता मी काय करू? खरं सांगितलं तर थोर होतो, गप्प बसलो तर खोटा. शनिवारी साडेतीनशे नव्या मुलामुलींपुढे उभं राहून ‘चूक दिसली तर बोला’ असं सांगायचं आहे. हे मी कोणत्या तोंडाने सांगू, मला खरोखर समजत नाही. असो. वहिनींना नमस्कार. थंडी वाढते आहे, तोडणीच्या नादात कानटोपी विसरू नकोस.

तुझा,
एईसाकु

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो, पण पानं भरत गेली. तू पट्ट्याच्या पलीकडे उभा होतास, पंचा तू पाहिला होतास. (तू हसू दाबत होतास, मला आठवतं. नंतर हसायचं राहूनच गेलं.) शनिवारी दहाला ये आणि सगळ्यांसमोर सांग की हा मूर्ख आहे. माझं कोणी ऐकत नाही, पण ज्याच्या जागेवर चूक निघाली त्याचं ऐकतील. बसचं तिकीट सोबत आहे. तुझ्या नावाची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगितली आहे.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट फोडून हे लिहितो आहे. काल दुपारी ओनोदेरा येऊन गेली. तिला तळघरातल्या खोक्यात त्या अकरा गाड्यांच्या तपासणीच्या चिठ्ठ्या सापडल्या. गाडीबरोबर फिरायची ती चिठ्ठी, जिच्यावर प्रत्येकजण आपल्या कामाच्या चौकटीत नावाचा शिक्का मारायचा. तिला वाटलं, मी आठवण म्हणून एकीवर सही करीन. मी चष्मा लावला. तुझ्या चौकटीत अकराही चिठ्ठ्यांवर माझा शिक्का आहे. डावा कोपरा उडालेला, तो माझाच. मग आठवलं. त्या सकाळी तुझी दाढ ठणकत होती. तू न सांगता दवाखान्यात गेलास आणि साडेदहाच्या जरा आधी परत येईपर्यंत दोन्ही जागांवरचे पाने मी चालवले. आपण आठवड्यातून दोनदा तरी एकमेकांसाठी हे करायचो, त्यामुळे त्या दिवसाचं वेगळं असं डोक्यात राहिलंच नव्हतं. गोंदोने “इथे कोण?” विचारलं तेव्हा चिठ्ठी उलटून बघायची वेळच आली नाही, कारण तोवर तू हात वर केला होतास.

म्हणजे बोल्ट मीच ढिला ठेवला, मीच न बघता पकडला, घड्याळ मीच घेतलं, आणि कोठारात तू गेलास. आणि इतकी वर्षं, प्रत्येक नववर्षाला, तू मला लिहितोस, ‘यंदा सफरचंदं चांगली आली.’

ओनोदेराला मी तिथेच चिठ्ठी दाखवली आणि सगळं सांगितलं. तिने शिक्का पाहिला. वाकली नाही, डोळे पुसले नाहीत, लिहूनही घेतलं नाही. पहिल्यांदाच मला कोणी विनम्र म्हणालं नाही.

मग तिने विचारलं, इतिहासाच्या त्या पानावर मिसावासानचं नाव घालायला त्यांची परवानगी मिळेल का. मी म्हटलं, मी जाऊन विचारतो. तेव्हा ते तिकीट फाडून टाक, तू येऊ नकोस. शनिवारी सकाळी साडेआठच्या बसने मी तिकडे निघतो आहे. हो, समारंभ त्याच दिवशी दहाला आहे, माहीत आहे मला. तू घरी राहा.