धाकट्या वासराचं जास्तीचं दूध

आईस नमस्कार,

माझी तब्येत ठणठणीत आहे असं समजून पुढचं वाच.

इथल्या मालकाच्या आईने नुसता उच्छाद मांडलाय. मी वासरांना कोमट दूध मापून पाजतो. माझी पाठ वळली, की ही धाकट्या वासरापुढे थंडगार दुधाची बादली धरते! लागली ना त्याला हगवण! निस्तरतोय कोण? मीच. बोललो, तर म्हणते, "त्याचं भुकेलं तोंड बघवत नाही रे."

बाबांचा गुडघा कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

काल रागाने मी जेवलोच नाही. तर मालकाची आई ताट घेऊन गोठ्यात हजर! पुन्हापुन्हा वाढत राहिली. नको म्हणवेना, अगदी तुझ्यासारखी बघत बसली होती.

वासरू आता सावरलंय. पोट बिघडलंय ते माझं.

तुझा,
धाकटा