नानाच्या मोटारीला अर्थ नाही

मरोळ, रविवार

तीर्थरूप नानांस,

आणि वर म्हणे, “तेका आता काय अर्थ नाय!” एवढं बोलून तू फोन ठेवलास तो ठेवलासच. अर्थ नाही म्हणजे काय रे? जी मोटार आपल्या होडीच्या पाठीला इतकी वर्षं लटकली, ती एकदा सेल्फ घेईना तर लगेच भंगार? दोरी ओढून ओढून दोरी तुटली आणि तुझा खांदा निखळला तेव्हा आम्ही तुला भंगारात दिला का? आणि होडी म्हणे त्या होमस्टेवाल्याला देणार. तो ती गेटपाशी ठेवणार आणि तिच्यात जास्वंदी लावणार! (साष्टांग नमस्कार वर राहिला, तो इथे घे. खांदा कसा आहे? तेल लावून घेतोस ना? शेवंतीकाकीच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं असतं हे मला माहीत आहे, आठवीत दोनदा बसलोय, पण अहोजाहो करून नीट भांडता येत नाही.) फोन तू मध्येच ठेवतोस म्हणून हे पत्र. शेजारची कुंदाताई उद्या गावी निघाली आहे, तिच्या हाती देतो. काकीकडून मोठ्याने वाचून घे आणि तिला मध्ये थांबवू नकोस.

मी इथे झकास आहे. गावाची आठवण वगैरे येत नाही, तेव्हा काकीने उगाच पदर डोळ्यांना लावू नये. आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटांना पावडरीचा रंग मारतात. मी रंग मारत नाही, खरवडतो. कपाटं ज्या हुकांना टांगतात त्या हुकांवरही रंग बसतो, आणि हुक रंगला की अर्थिंग तुटतं, मग पावडर मालाला धरत नाही. म्हणून मी दिवसभर हुक घासतो. (हे लक्षात ठेव, पुढे माझी अब्रू ह्यातच जाणार आहे.) खिडकीतून समोरच्या कारखान्याची खिडकी दिसते. भरती-ओहोटी इथेही असते, पण नळाची. सकाळी तासभर भरती, मग दिवसभर ओहोटी.

तर तुझी मोटार. तू ती गोणपाटात गुंडाळून बसच्या पोटातून पाठवलीस, “मुंबयत भंगाराक भाव बरो गावता” म्हणून. मी ती हातगाडीवर घालून भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत नेलीसुद्धा, आईशप्पथ. पण दुकानासमोर गोणपाट सरकलं आणि वास आला. पेट्रोल, ऑइल, खारं पाणी आणि तुझी तंबाखू. नाना, भर मरोळ नाक्यावर मला आपल्या खाडीचं तोंड दिसलं रे. हातगाडीवाला विचारतोय, उतारना है क्या? मी म्हटलं, वापस चल.

घरमालकीण जानकी मावशी म्हणाली, हा पंखा घरात नको. (ती पंखाच म्हणते.) मग दारातल्या तिच्या पाण्याच्या निळ्या ड्रमच्या काठावर फळी ठोकून मोटार टांगली, शेपूट पाण्यात. बॅटरी जोडली, बटण दाबलं. टक् करायची आणि गप्प. अगदी तुझ्यासारखी. एक शब्द बोलायचा आणि फोन ठेवायचा.

मग गल्लीतल्या अंबादासला बोलावला. रिक्षांचं वायरिंग करतो, मूळचा परभणीचा. समुद्र पाहिलाय तो जुहूचा, तोही भेळ खाताना. त्याने मोटारीला एक चक्कर मारली आणि ब्रेक कुठे आहे विचारलं. ब्रेक नसतो म्हटल्यावर दोन पावलं मागे सरकला. मग टेस्ट लॅम्पची वायर इथे लाव, तिथे टेकव असं करत शेवटी मान हलवली आणि म्हणाला, “हिला अर्थ नाही रे.”

माझं डोकंच फिरलं. तू म्हणालास ते ठीक, मोटार तुझी. पण हा कोण? मी म्हटलं, तुझ्या रिक्षांना तरी काय अर्थ आहे? तुला तरी काय अर्थ आहे? तो बापडा ‘अरे, ऐक तर’ म्हणत होता, मी ऐकतोय कसला! (हे आपल्या घराण्यात आहे.) गेला फणफणत.

मग मीच बसलो. सेल्फ काढून थेट बॅटरीला लावला तर भन्नाट फिरला, म्हणजे तो जिवंत. मग ती टक् करणारी डबी खराब असणार म्हणून गोवंडीहून दुसरी आणली. ती जरा मोठ्याने टक् करायची, बस. चावीचा स्विच बदलला. गिअरमध्ये असताना मोटार सुरू होऊ नये म्हणून एक छोटा स्विच असतो ना, त्याचाच घोळ असेल म्हणून तो कापून वायरी थेट जोडून टाकल्या. (हेही लक्षात ठेव.) काही फरक नाही. इकडे मावशीने सांगून ठेवलेलं, रविवारपर्यंत पंखा हलला नाही तर पंखा आणि तू दोघे बाहेर.

तो रविवार आज. दुपारी मावशी झोपलेली. मी हरलो होतो, नाना. ब्लेड घेऊन बसलो ते दुरुस्तीला नाही, नुसताच बसलो. बॅटरीची काळी वायर जिथे कसलीय त्या बोल्टपाशी निळा रंग उडाला होता आणि खालून हिरवा दिसत होता. होडी रंगवून उरलेला रंग तू दर खेपेला मोटारीला देतोस, आणि टापटिपीचा एवढा की वायर काढून तिच्याखालीही ब्रश फिरवतोस. हिरवा म्हणजे मी मुंबईला आलो ते वर्ष. म्हटलं, त्याच्याखाली काय आहे बघू. वायर सोडली आणि खरवडत गेलो. हिरव्याखाली पिवळा. काकीने पिवळ्याचा हट्ट धरला आणि सगळं बंदर तुला हळदीचा नवरा म्हणालं, ते वर्ष. पिवळ्याखाली तांबडा. मी आठवीत पहिल्यांदा गचकलो, बाबा माझ्याशी बोलेनात, आणि तू मला होडीत मागच्या फळीवर बसवून मोटारीचा दांडा हातात दिलास, ते वर्ष. तांबडा खरवडायला जरा वेळ लागला. (डोळ्यात रंगाचा भुगा गेला होता.) त्याच्याखाली चकचकीत धातू लागला. भंगारात द्यायची तरी नीट द्यावी म्हणून वायर परत घट्ट कसली आणि सवयीने बटण दाबलं.

गिअर टाकलेला होता. आणि तो छोटा स्विच मी कापलेला. अख्खा ड्रम उडाला, नाना! मावशीचं पाणी मावशीच्या गोधड्यांवर, समोरच्याच्या स्कूटरवर, आणि काय झालं बघायला आलेल्या मावशीवर. ड्रम मोटारीसकट डुगडुगत गटाराकडे निघाला, तिकडून खाडी लागते हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. मी लगेच बंद करायला हवी होती. पण तो आवाज. आधी खोकला, मग ती टरटर, पहाटे घरात झोपलेल्या माणसाला कळायचं की नाना निघाला. मी भिजलेला, दांडा धरून डोळे मिटून उभा. मावशी काय काय बोलली ते मला आलंच नाही ऐकू.

आवाजाने अंबादास धावत आला. वायरीखालचा उघडा धातू बघितला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, “मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं? हिला अर्थ नाही! अर्थची वायर रे, येड्या! रंगावर कसलीय!” इतकी वर्षं बोल्टच्या आट्यांतून कसाबसा करंट जात असणार; यंदा तू निळ्याचे दोन हात दिलेस आणि तोही बंद. आणि मी, रोज अर्थिंगसाठी रंग खरवडणारा! (आम्ही कारखान्यात अर्थिंग म्हणतो. नुसतं अर्थ म्हणत नाही. म्हणून.)

तुझा पुतण्या,
सहदेव

ता. क. मावशीने मला ठेवलं, रोज तिचा ड्रम भरायच्या बोलीवर. पंख्याला अंबादासने आसरा दिला. तो स्विचही त्याने परत जोडला.

ता. क. दुसरा. जास्वंदीवाल्याला नारळी पौर्णिमेपर्यंत थांबव. मी मोटार घेऊन येतो. दांडा मी धरतो, तू पुढे नुसता बस आणि शिव्या दे. होडी रंगव, पण त्या बोल्टपासून ब्रश लांब ठेव. आणि वर मी झकास आहे असं लिहिलंय, ते जरा खरवडून वाच.

ता. क. शेवटचा. तुझा हुकूम मोडलेला नाही. मोटार भंगाराच्या भावानेच विकली. घेणारा इथलाच, हुक खरवडतो. घासाघीस त्याने फार केली, पण मी खमका राहिलो आणि बसचं भाडंही त्याच्याच डोक्यावर घातलं. सोबत पाकिटात रुपये सहा हजार पन्नास.