धुराड्याच्या निऱ्या

९ ऑगस्ट, शनिवार

आज मोठी थाप मारली. आणि तीही सासऱ्यांसमोर!

झालं असं. सकाळी शेजारचे मनोहरराव एक कागद हलवत खानावळीत आले. आमच्या भट्टीचं धुराडं बरोबर त्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर संपतं. त्यांची भिंत काळी, पडदे काळे, वाळत घातलेला पांढरा सदरासुद्धा काळा. सदरा बरोबर आणला होता, पुरावा म्हणून. "दसऱ्यापर्यंत पाइप माह्या छताच्या वर गेला पाहिजे. नाई तं हा अर्ज महानगरपालिकेत. मंग चालवा खानावळ!"

खानावळ अंजूची. अकरा वर्षं झाली. एप्रिलमध्ये माझी हिंगण्याची कंपनी बंद पडली, तेव्हापासून घर तिच्या रश्श्यावरच चाललंय. आणि सावजी रस्सा लाकडाच्या भट्टीवरच व्हावा लागतो. गॅसवर करून पाहिला होता, गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली.

अंजू म्हणाली, "पत्रेवाल्याले सांगून देतो."

मला कोणी विचारलं होतं? पण मी म्हणालो, "काहून वं? घरात माणूस असताना? सव्वीस वर्षं सीमच बंद केल्या ना मी!"

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्म्यावरून पाहिलं. "मंग होऊन जाऊ द्या, जवाईबापू."

सव्वीस वर्षं मी हिरवं बटण दाबलं. एसीच्या डक्टची सीम, म्हणजे पत्र्याचा सांधा, मशीनच बंद करायची; मी नुसता पत्रा पुढे सरकवायचो. हातात हातोडी घेऊन एक वीतभरसुद्धा सीम कधी मारली नाही. हे घरात कोणाला माहीत नाही. या पानाला माहीत आहे, आणि पान काही बोलत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

माप घेतलं. आठ इंची पाइप, तीन-तीन फुटांचे पाच तुकडे. पत्रा आणला, कात्री आणली, ठोकायला लाकडी मोगरी आणली. कानावर पेन्सिल खोचली. पेन्सिल छान दिसते.

११ ऑगस्ट, सोमवार

सहाला उठलो! एप्रिलनंतर पहिल्यांदा. दाढीपण केली, का ते माहीत नाही.

काम सोपं आहे — कागदावर. पत्र्याची एक कडा वर दुमडायची, समोरची खाली. पत्रा गोल वळवायचा. दोन्ही कडा एकमेकींत अडकवायच्या, जशी दोन बोटांची आकडी. मग वरून ठोकून चपट्या करायच्या. झाली सीम.

ठोकली. या टोकाला बसली, तोवर त्या टोकाची आकडी सुटली. त्या टोकाला ठोकलं, तर पाइप चटकन उघडला आणि माझ्या कानाखाली बसला. पेन्सिल गेली ती गेलीच.

आवाजाने अर्धी गल्ली गोळा झाली. मी म्हणालो, "पत्र्याचा ताण काढून राह्यलो." असं काही असतं का, देव जाणे.

अंजू दुपारी मसाला आणायला इतवारीत गेली होती. येताना चक्क ऑटोने आली, ती जी दहा किलो मिरच्या डोक्यावर आणते. आधी आईकडे उतरली, मग इकडे. म्हणाली, पाय दुखले.

१३ ऑगस्ट, बुधवार

दुसरा तुकडा. फसला. बोट कापलं. अंजूला सांगितलं, मांजराने ओरबाडलं.

"मांजर पत्र्याची होती काय जी?"

१७ ऑगस्ट, रविवार

चूक सापडली. कंपनीत पाइपच्या आत लोखंडी रूळ असायचा, वरून मशीन दाबायची. मी हवेवर ठोकत होतो! आतून टेकण हवं. काहीतरी गोल, लांब, जड.

मामाजी जन्मभर हातमागावर बसलेले. माग गेला, पण त्याची लाकडं त्यांनी विकली नाहीत. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. गेलो. सासूबाई, म्हणजे कुसुमावतीमामी, दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, दिवाणाखाली काही आहे का पाहतो. वाकलो, तर —

"हात नका घालू! माह्या दिवाणाखाली हात नका घालू, सांगून ठेवतो!"

एवढ्या मोठ्याने ओरडल्या की लसूण माझ्या डोक्यावर. बाईमाणसाचं काही खाजगी असेल. मीच कानकोंडा झालो.

मामाजींनी माळ्यावर बोट दाखवलं. तिथे मागाचा गोल रूळ होता, ज्यावर विणलेलं कापड गुंडाळायचे. सागवानी. गुळगुळीत, जड, हवा तसा. मी तो खांद्यावर टाकून गल्लीतून आलो. मामाजी मागे-मागे, देवाची पालखी निघाल्यासारखे!

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. ठोकाठोकी बंद ठेवली. हात शिवशिवत होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत पाहायला गेलो. काळी आणि पिवळी, दोन्ही पुतळ्यांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या, काय तो गलका! लोक ओरडत होते — रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत! मीपण हात वर करून बोंबललो, "उघडलेल्या सीमा घेऊन जा गे मारबत!"

बाजूचा माणूस म्हणाला, "बॉर्डरवर होते का भाऊ तुमी?"

२६ ऑगस्ट, मंगळवार

नेल्या नाहीत मारबतीने. तिसरा तुकडा. आता आत रूळ आहे, तरी तेच. एका टोकाकडून ठोकत गेलो की दुसऱ्या टोकाला पाव इंच सरकतं.

फसलेले तुकडे मागच्या अंगणात तुळशीमागे लपवलेत. तुळस दिसत नाही आता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज मामाजी आले, विटेवर बसले, तंबाखू मळत तासभर बघत राहिले. ब्याऐंशीचे आहेत, पण नजर अशी की पाठीला खाज सुटते.

शेवटी म्हणाले, "जवाईबापू, तुमी एका टोकाहून निंगून राह्यले. काहून?"

"मग कुठून निघायचं जी?"

"आमी सांधणी करो. जुन्या ताण्याले नवीन ताणा जोडाचा. एकेक धागा, बोटाले राख लावून, पीळ देऊन. दोन हजार धागे. एका बाजूनं सुरू केलं तं दुसऱ्या बाजूले कापड तिरपं जाते. आधी दोनी टोकं बांधाची. मंग मधात याचं. हरू हरू."

चौथा तुकडा घेतला. या टोकाला दोन ठोके. त्या टोकाला दोन ठोके. मग मधे. मग या दोघांच्या मधे. हळूहळू —

बसली!! अख्खी तीन फूट! सरळ! मी पाइप हलवला, आपटला, त्यावर जवळजवळ बसलोच. उघडत नाही! मामाजींच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "राहू द्या, तुमाले तं येतच होतं ना." आणि डोळा मारला. ब्याऐंशीव्या वर्षी!

म्हणजे त्यांना कळलंय. चला, एक पान आणि एक सासरे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोन तुकडे पक्के. अंजूने परीक्षा घेतली. पाइपच्या एका तोंडाला ओलं फडकं, आत पेटती उदबत्ती, आणि सीमवरून नाक फिरवत गेली, पोलिसांच्या कुत्र्यासारखी. कुठूनच धूर नाही. "पास," म्हणाली.

खरं सांगतो, छाती भरून आली. सव्वीस वर्षांत कंपनीत मला कोणी 'पास' म्हटलं नव्हतं. पास मशीन व्हायची.

९ सप्टेंबर, मंगळवार

मागची पानं चाळली. ही डायरी कंपनीनेच दिली होती, शेवटची. एप्रिल, मे, जून, जुलै — रोज एकच नोंद. 'काही नाही.' 'काही नाही.' अकरापर्यंत झोपायचो तेव्हा. अंजू ताट झाकून ठेवायची आणि मी तसंच परत करायचो. वाचून लाज वाटली. ती पानं फाडणार होतो, पण डायरीची शिवण उसवली असती.

१५ सप्टेंबर, सोमवार

तीन पक्के. मनोहरराव रोज सकाळी खिडकीतून मोजतात. "कुशलभाऊ, अजून दोन राह्यले गा! दसरा जवळ आला!" पत्रा संपत आला, एकही तुकडा आता फसून चालणार नाही. खानावळ बंद झाली तर?

अंजूला म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही? ती कांदा कापत होती. "होऊन जाईन," म्हणाली. तिची खानावळ, तिची अकरा वर्षं, आणि काळजी मला! कमाल आहे बाईची.

२१ सप्टेंबर, रविवार

पाच! पाचही!

पण एक फजिती. पाइपचं एक तोंड दुसऱ्यात शिरावं म्हणून त्याला पक्कडीने बारीक चुण्या पाडायच्या असतात, म्हणजे ते जरा आवळतं. पाडल्या. अंगणात पाचही तुकडे एकावर एक उभे केले, चुण्यांची तोंडं वर. काय दिसत होतं! गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती.

अंजू बाहेर आली, कमरेवर हात. "अहो, उलटं आहे ते."

"मला शिकवतेस?"

"निऱ्या कशा खोसतात जी? वरून खाली का खालून वर?" आणि पदर बाजूला करून स्वतःच्या निऱ्या दाखवल्या, भर अंगणात. "निऱ्यावालं तोंड खाली जाते. काजळीचं पाणी उतरते, ते पाइपाच्या आतूनच उतरलं पाहिजे. तुमी लावलं तसं लावलं तं एकेका जोडातून बाहेर गळन. मनोहररावच्या भिंतीवर!"

बरोबर! शंभर टक्के बरोबर! तिला कसं सुचलं? रश्श्यावाली बाई, पाइपाचं काय ठाऊक? मी म्हटलं, "हुशार आहेस." ती जरा गडबडली आणि आत गेली, मसाला जळतोय म्हणून. मसाला काही जळत नव्हता.

सगळं उतरवलं. उलटं केलं. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

२८ सप्टेंबर, रविवार

चढवलं! मी शिडीवर, मामाजी खाली शिडी धरून, मामी त्यांना धरून. निऱ्या खाली. तारेने चार बाजूंनी ताणलं. अंजूने भट्टी पेटवली. आम्ही सगळे वर बघत.

एक मिनिट काही नाही. मग मनोहररावांच्या छताच्याही वर, लांब, निळसर धूर. सरळ आभाळात.

मामाजींनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, धूर गेला डोळ्यात. धूर तर वर होता!

मला रडू आलं. लिहून टाकतो. पाच तुकडे पत्र्याचे, आणि रडू आलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. मनोहररावांनी सोनं दिलं, आणि आपट्याच्या पानांबरोबर तो अर्ज, चार तुकडे करून. खानावळ वाचली. मी हातोडी, मोगरी, पक्कड पाटावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं. कंपनीत मशीनला हार घालायचो, पण या वेळी कोणाला हार घालतोय ते कळत होतं. मागाच्या रुळालाही एक फूल. मामाजी बराच वेळ त्याकडे बघत होते.

६ ऑक्टोबर, सोमवार

मनोहरराव पुन्हा आले! आता काय?

"कुशलभाऊ, एक अडचण झाली."

"काय जी?"

"धूर गेला, वासबी गेला. डॉक्टरनं मले फिकं वरण-भात सांगितला आहे. आधी खिडकीत बसलो की तुमच्या रश्श्याचा वास येये, त्याच्यावर जेवण जाये. आता घास उतरत नाई."

अंजूने एका वाटीत रश्श्यावरची दोन चमचे तर्री दिली, हुंगायला. ते वाटी घेऊन गेले. वाटी परत आली ती चाटून-पुसून.

गल्लीच्या तोंडाशी लस्सीवाला आहे, त्याला धुराडं हवंय. "तुमीच करून द्या," म्हणतो. हो म्हटलं. या वेळी थाप नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. मामी मंदिरात गेल्या होत्या. मामाजी म्हणाले, दिवाण जरा सरकवून द्या, चुना मारायचा आहे. सरकवला.

खाली पोतं. पोत्यात आठ इंची पाइप, तीन-तीन फुटांचे पाच तुकडे. कोरे. तयार. प्रत्येकावर पत्रेवाल्याने खडूने बाण काढलाय — 'निऱ्या खाली'. बिलावर अंजूचं नाव. तारीख ११ ऑगस्ट.

घरी येऊन ते पान काढलं. ११ ऑगस्ट. 'सहाला उठलो!'

पोतं होतं तसं झाकून आलोय. दिवाणही होता तिथेच लावलाय.

संध्याकाळी अंजूने विचारलं, "झाली का साफसफाई?"

म्हटलं, "झाली. दिवाणाखालचं तेवढं राह्यलं."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"राहू द्या," म्हणाली.