तिघांपुरता ट्रे

सोमवार, २२ तारीख, सकाळ

चि. खारूस,

पाकीट हातात आल्यावर अक्षर बाबांचं आहे हे तुला लगेच कळेल. आईने का लिहिलं नाही, हा प्रश्न त्यानंतर पडेल. त्याचं उत्तर या पत्रात आहे, पण ते मला पहिल्या ओळीत लिहिता येत नाही. तेवढी सवलत दे.

मी बरा आहे. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारपर्यंत वळणावर येतो. मासळीच्या शीतगृहात नवा कॉम्प्रेसर आला. जुना म्हाताऱ्यासारखा खोकायचा, हा इतका गप्प की चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं. हमाल मला अजून थंडोबाच म्हणतात. आज मी रजा टाकली आहे. इतक्या वर्षांत आजारपण नसताना घेतलेली ही पहिलीच.

काल तुझा ओव्हन लावला.

तुझ्या पहिल्या पगारातून तू तो घरी आणलास तेव्हा मी म्हणालो होतो, "आपल्याला शेगडी पुरते, हे खोकं कशाला?" तू फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलास आणि वर लिहिलंस, 'बाबांसाठी. एका ट्रेमधले मासे. गाढवालाही जमतील.' तुझी आई ते वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी रागावल्याचं दाखवलं, आणि ते खोकं कधी लावायचंच नाही असं मनाशी ठरवून टाकलं. असले निश्चय मला चांगले जमतात.

पण तुझ्या आईने मला सांगून ठेवलं होतं, "पोरीचा ओव्हन उघडा एकदा." मला वाटलं, मी नीट जेवावं म्हणून म्हणते आहे.

सकाळी कामावरच्या ओट्यावरून मासे घेतले. मासेवाली म्हणाली, "थंडोबा, आज कोळंबीसुद्धा? पाहुणे आहेत वाटतं?"

"हो."

"किती जणं?"

"तिघं," म्हणालो. तुझ्या कागदावर तिघांचं माप आहे. त्यातून एकट्याचं कसं काढायचं, ते मला सुचेना.

कागदावर पहिलं वाक्य असं आहे: 'ओव्हन दोनशेवर पंधरा मिनिटं रिकामा तापू द्या.' मी बटण फिरवलं. आत डोकावलो नाही. काचेला आतून खाकी कागद लावलेला होता. तुझ्या आईला ती काळी पोकळी बघवत नसेल, असं मी इतके दिवस समजत होतो. आणि आमच्या कामात दार म्हणजे मोठी गोष्ट. हवं ते तापमान आल्याशिवाय खोलीचं दार उघडायचं नाही. सव्वीस वर्षं मी हेच दुसऱ्यांना ओरडून सांगत आलो. त्यामुळे ओव्हन लावला, पाठ फिरवली, आणि तू लिहिलंस तसे बटाट्याचे पातळ काप करायला बसलो. काप बरे होत होते. मनात आलं, हे तुला कळवायला हवं.

आधी मेणकापडासारखा वास आला. नवं यंत्र आहे, पहिल्यांदा तापतंय, येणारच. मग धूर. तरीही मी घड्याळाकडे बघितलं. अकरा मिनिटं झाली होती, पंधरा व्हायची होती. ती चार मिनिटं मी थांबलो, खारू. कागदावर पंधरा लिहिलं होतं.

दार उघडलं तेव्हा खालच्या लाल सळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी वितळून बसली होती आणि तिच्यातले कागद पेटले होते. वायर उपसली आणि माशांखालचं बर्फाचं पाणी आत ओतलं. आगीतून जे वाचलं असतं, ते त्या पाण्याने नेलं. हातात काळा लगदा आला. त्यात पाकिटांचे कोपरे होते, तिकिटांचे तुकडे होते. कुणाचे कागद, काय लिहिलंय, मला काहीच उमगेना.

धूर बघून खालची शिवणवाली वर आली. तुझी नि आईची मैत्रीण. "भाऊ, दुपारच्याला काय जाळताय?" म्हणत आत शिरली, लगदा बघितला आणि खाली फरशीवरच बसली.

"ती पोरीची पत्रं हो," ती म्हणाली. "दोन वर्षांची."

"कुठल्या पोरीची?"

"किती पोरी आहेत तुम्हाला?"

मग तिने सगळं सांगितलं. तुझा नंबर मी माझ्या फोनमधून तुझ्या आईसमोर पुसला, तेव्हापासून ती खाली जाऊन शिवणवालीच्या फोनवरून तुझ्याशी बोलायची. पण बोलणं व्हायचंच नाही, ती नुसती रडायची. म्हणून तू म्हणालीस, मी लिहीन. पत्रं शिवणवालीच्या पत्त्यावर यायची. आई ती दुपारी वाचायची आणि ओव्हनमध्ये ठेवायची, कारण या घरात मी हात लावणार नाही अशी ती एकच जागा होती.

मी विचारलं, "मला का सांगितलं नाही तिने?"

"सांगितलं की. उघडा म्हणाली ना? तापवा म्हणाली नव्हती."

आता ते लिहायला हवं.

खारू, तुझी आई गेली. आज चोपन्न दिवस झाले. बुधवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, घरातच, खिडकीजवळच्या पलंगावर. शेवटचे दोन दिवस ती फार बोलत नव्हती. ओव्हनचं वाक्य सोमवारचं. त्रास झाला. झाला नाही असं मी लिहिणार नाही. ती तुला 'बरी आहे' असं लिहायची हे मला काल कळलं. ती बरी नव्हती.

तू तिला तुझ्याकडे मोठ्या इस्पितळात न्यायला आली होतीस तेव्हा मी म्हणालो, "देव बघून घेईल." तू म्हणालीस, "देव बघतोच बाबा, तुम्ही बघत नाही." त्यावर मी तुला दार दाखवलं. त्या वाक्याचा राग आला, असं मी स्वतःलाही सांगत होतो. पण देवाचं नाव मी नुसतं पुढे केलं होतं. ती तिकडे गेली तर महिने लागतील, मी या खोल्यांत एकटा राहीन, याची मला भीती वाटली. एवढंच होतं ते. माझ्या भीतीला मी श्रद्धा म्हटलं आणि तुझी आई ते ओळखूनही माझ्यासोबत राहिली. रोज संध्याकाळी देवापुढे बसतो, पण आता मागायला तोंड नाही. नुसता बसतो.

याहून वाईट अजून राहिलं आहे.

त्या बुधवारी माणसं जमली. तुझ्या मामाने विचारलं, "लेकीला कळवलं ना?" मी म्हणालो, "कळवलं. निघाली आहे." का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. इतक्या माणसांसमोर 'लेकीचा नंबर माझ्याकडे नाही' हे तोंडातून निघेना. मग सगळे तुझ्यासाठी थांबले. मामा दर थोड्या वेळाने जिन्यापर्यंत जाऊन यायचा. कुणी म्हणे गाडी उशिरा असेल, कुणी म्हणे पोरीशिवाय न्यायचं नाही. शिवणवाली दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात फोन होता. तिला तुझा नंबर माहीत आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी ठाऊक आहे हे तिच्या बघण्यावरून कळत होतं. मी विचारायचा अवकाश होता. मी मान खाली घातली. तीन तासांनी मीच म्हणालो, "आता उशीर नको." आणि नेलं.

तुझी वाट बघत तुझी आई तीन तास थांबली, आणि तुला कुणी बोलावलंच नव्हतं.

काल शिवणवालीने तुझा नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला. घंटा वाजायच्या आत मी तो बंद केला. ती म्हणाली, "पोरीचे दोन फोन मी उचलले नाहीत, भाऊ. बापाने सांगायची गोष्ट मी का सांगू, म्हणून थांबले. तिसरा आला की उचलणार."

"मी लिहितो," म्हणालो.

"लिहा. पण ख्यालीखुशालीत चार पानं घालवू नका."

ती गेल्यावर मी ओव्हन घासला. वितळलेलं प्लॅस्टिक सुरीने खरवडलं. मासे बर्फाविना पडले होते, आणखी थांबले नसते. टाकून द्यायला हात होईना, म्हणून तुझ्या कागदाप्रमाणे पुन्हा सुरुवात केली. बटाटे आणि कांदा तेल-मीठ लावून आधी पंचवीस मिनिटं. मग वर टोमॅटो, ठेचलेला लसूण, माशांचे तुकडे, कडेने कोळंबी, लिंबाच्या चकत्या, आणि बारा मिनिटं. 'मासे उलटू नका,' तू लिहिलंस. उलटले नाहीत.

चांगले झाले होते. हे लिहिणं बरं नाही, पण खरं आहे. बटाट्याच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या, माशाला सगळ्यांचा रस लागला होता. खरोखर गाढवालाही जमतील. ती असताना एका रविवारी मी हे करायला हवं होतं. चाळीस मिनिटांचं काम होतं, खारू. दोन घास खाल्ले. मग तो ट्रे पुढ्यात घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

तुझ्या पत्रांतलं एक अक्षरही मी वाचलेलं नाही. तू तिला काय सांगायचीस, माझ्याबद्दल काही विचारायचीस का, काहीच मला कळणार नाही. ते मी तुला विचारणारही नाही.

शिवणवालीकडे आणखी दोन पत्रं होती. आई गेल्यानंतर आलेली. आज सकाळी तिने ती माझ्या हातात दिली आणि खाली गेली. वर तुझ्या आईचं नाव आहे. मी ती फोडली नाहीत. ती माझी नाहीत आणि जिची होती तिला आता देता येत नाहीत. म्हणून या पत्रासोबत तुझी तुला परत पाठवतो आहे. दोन्ही बंद आहेत, बघून घे.

तू ये असं लिहिण्याचा हक्क मला राहिलेला नाही. आलीस तर दार उघडं आहे, नाही आलीस तर त्यात तुझी काही चूक नाही.

धाकट्यांना आशीर्वाद लिहायचा असतो. तो देण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. तुला नमस्कार करतो.

बाबा