बारवेतल्या मासोळ्या आणि तुमचे गप्पी

अण्णा,

माणसांचा मला संशय येतो हे तुम्हाला ठाऊक होतं. माशांचाही येतो, हे मात्र तुम्ही कधी मनावर घेतलं नाहीत. हिवताप विभागातली तुमची नोकरी. सायकलला पत्र्याचा डबा, डब्यात गप्पी मासे, आणि आपल्या डोंगरकडा गावाच्या आसपासची एकही विहीर तुम्ही सोडली नाहीत. गप्पी डासांच्या अळ्या खातात, ताप हटतो, एवढंच तुमचं म्हणणं. आपल्या मळ्यातल्या विहिरीत तुम्ही डबा रिकामा करता आहात आणि मी काठावरून वाकून बघते आहे. तेव्हा त्या पाण्यात चपट्या रुपेरी मासोळ्या होत्या. मी कॉलेजात जाईपर्यंत त्या दिसेनाशा झाल्या. एकदा तुम्ही चुलीपाशी जेवायला बसलेले असताना मी विचारलं, तर घास हातात धरून म्हणालात, "काहून त्या मासोळ्यांच्या मागं लागलीस? घरोघर लेकरं तापानं फणफणून राहिली, ते दिसून न्हाई राहिलं का तुला?" माझा संशय काही गेला नाही.

आता मी जीवशास्त्र शिकवते, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाते. परवा विहिरीत जाळं टाकलं, तर सगळे गप्पीच. तुम्ही आणलेले नर मळकट होते, यांच्या शेपट्या भडक रंगांच्या. त्यांना खाणारा मोठा मासा विहिरीत नाही, लपून राहायची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनी नटवे नर पसंत केले असणार. मासोळ्यांची पिल्लं या गप्पींनीच खाल्ली, असा माझा अंदाज. पिकावरचं औषध पाण्यात उतरलं असेल, तेही असेल. पुरावा नाही माझ्याकडे.

गावाबाहेरच्या बारवेत मात्र त्या मासोळ्या अजून आहेत. पंचायतीनं तिथंही गप्पी सोडायचं ठरवलं, आणि पहिली बादली तुमच्या लेकीच्या हातून. मला त्या मानाचाही संशय आला. मी बारवेतल्या मासोळ्या घमेल्यात घेतल्या, सगळ्यांदेखत वरून अळ्या टाकल्या, आणि मासोळ्यांनी त्या फस्त केल्या. मी म्हणाले, इथलं काम या करतातच, गप्पी आले तर विहिरीतल्यासारख्या याही जातील. सरपंच शांतपणे म्हणाले, "मॅडम, अण्णाचं काम तुमीच खोटं ठरवून राहिल्या का?"

"या बारवेपुरतं, व्हय," मी म्हणाले.

बादली तशीच परत गेली. ज्यांची लेकरं तुमच्यामुळे तापातून उठली, तीच माणसं माझ्याशी न बोलता पायऱ्या चढून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच; तुम्ही गेलात, आता पत्ता कुठला? त्या दिवशी तुम्ही बारवेपाशी असतात, अण्णा, तर ती बादली मी निमूटपणे ओतली असती.