ऋतुजाला काय येत नाही

१८ नोव्हेंबर, मंगळवार

थकले आहे, तरी लिहून टाकते. विशेष मुलांची थेरपी आता सरकारी योजनेत मोफत झाली, म्हणून उमरेडच्या वंदनाला मीच मागे लागून अपंगत्वाच्या तपासणीला नेलं. तिची ऋतुजा सात वर्षांची, मी शिकवते त्या विशेष शाळेतली. डॉक्टरांनी विचारलं, "कपडे स्वतः घालते का?"

"घालते नं साहेब! बटनं बी लावते. दाखव वं बेटा."

पोरीने चारही बटणं लावून दाखवली. त्या चार बटणांना आम्हाला वर्ष लागलं होतं. पण पोरीला जमतं म्हटल्यावर अपंगत्वाचे टक्के कमी भरले आणि मोफत थेरपी हुकली. बटणांपायी!

बाहेर येताच मी वंदनावर ओरडले. "तिला रोज भरवावं लागतं, ते का नाही सांगितलंस?"

"म्याडम, तुमीच त सांगतलं होतं, पोरीसमोर 'येत नाही' म्हणाचं नाही. मंग मी काहून म्हणू?"

खरंच आहे. इतकी वर्षं प्रत्येक आईला हेच बजावत आले. चुकलं का माझं? नाही. मग आज ओरडले कशाला?

फेरतपासणीचा अर्ज तिथेच बाकावर बसून भरला. पुढच्या वेळी काय बोलायचं तेही वंदनाला सांगायला घेतलं. बोलता येत नाही, एकटीला शौचाला जाता येत नाही...

"थांबा म्याडम," म्हणत वंदनाने पोरीला कुशीत ओढलं आणि तिचे दोन्ही कान हातांनी झाकले. "हं, सांगा आता."

मी सगळं सांगितलं.