हॉलला कुलूप

शनिवार, दिवेलागणीची वेळ

आज गोंडपिपरीच्या हॉलला कुलूप होतं. आम्ही नऊ म्हातारे-म्हाताऱ्या दर शनिवारी तिथं जुन्या गाण्यांवर नाचायचो. आता मालक हॉल पाडून दुकानं काढणार. सगळे त्या कुलपाकडं बघत उभे राहिले. मी बघितलं नाही. बघणार कशी? मालकानं मला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. काऊन बोलले नाही मी? वाटलं, हातापाया पडून त्याचं मन वळवीन. ते जमलं नाही, आणि मग तोंडच उघडेना.

परतताना श्रावणभाऊंना खरं सांगून टाकलं. बायको गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर न पडलेला माणूस. त्या हॉलमध्येच पुन्हा हसायला लागला होता. वाटलं, चिडतील. ते रस्त्यातच थांबले.

"मागच्या शनिवारी तुमाले मालूम होतं?"

"हो, भाऊ."

"त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हणून मी खुर्चीवरच बसून राह्यलो. म्हटलं, पुढच्या शनिवारी नाचू. शेवटचं हाय एवढं सांगतलं असतं बाई, तर मी बसलो नसतो."

ते एकटेच स्टँडकडं निघाले.